एकवीस नंबरचा दात

२ नोव्हेंबर

धाकट्या,

नऊ वर्षांनी लिहिते आहे. सुरुवात कशी करावी यात एक कागद वाया गेला. ती सोडून पुढे जाते.

काल तुझ्या बायकोचा फोन आला. तू कामावर होतास. ती म्हणाली, "ताई, मी फोन केला हे त्यांना सांगू नका." मी विचारलं, मग मला कसं कळलं म्हणून सांगू? "इतकी वर्षं विम्यात होतात, काहीतरी सुचेल की तुम्हाला." मला काही सुचलं नाही. म्हणून खरं तेच लिहिते. तिच्यावर चिडू नकोस.

तिने सांगितलं ते असं. नव्या नोकरीत तुला दातांचा विमा मिळणार आहे. दोन पुस्तिका दिल्या आहेत, एक निळी आणि एक पांढरी. पंचवीस तारखेच्या आत एक निवडायची, नाहीतर वर्षभर काहीच नाही. तुझ्या पुढच्या ब्रिजला, त्या बसवलेल्या दाताला, धरून ठेवणारे दोन्ही बाजूंचे दात आतून किडले आहेत. डॉक्टर म्हणतात, दोन-तीन महिन्यांत काम केलं तर वाचतील, नाहीतर तेही काढावे लागतील. तू सगळं बारीक तुकडे करून खातोस. लेकीशी बोलताना तोंडावर हात धरतोस. पुस्तिका तीनदा वाचल्यास आणि कपाटावर टाकून दिल्यास. "हे असल्याच लोकांनी लिहिलंय," म्हणालास.

असल्या लोकांत मी एकतीस वर्षं होते. तेव्हा निदान त्यांची भाषा मला कळते. पुस्तिकांच्या प्रती तिने पाठवल्या आहेत. समोर ठेवून लिहिते आहे.

आधी मूळ गोष्ट. घराचा विमा असेल तर घर जळाल्यावर पैसे मिळतात, खिडकीची काच फुटली तर मिळत नाहीत. दातांच्या विम्याचं उलटं असतं. तपासणी, सफाई, एक्स-रे यांचे पूर्ण पैसे. दात भरणं, काढणं यांचे बरेचसे. कॅप, ब्रिज, कवळी यांचे निम्मे. शिवाय वर्षाची एक मर्यादा, ती ओलांडली की पुढचं सगळं आपल्या खिशातून. दुखणं जितकं मोठं तितका त्याचा हात आखडता. कामाच्या पहिल्या दिवशी साहेबांनी हे समजावलं तेव्हा मला हसू आलं. ते म्हणाले, "हसा, हसा. दात आहेत तोवर हसून घ्या."

ब्रिज महागाच्या रांगेत येतो. त्याचे निम्मे मिळतील. निळीचा हप्ता कमी आहे, पण ती तुझ्या उपयोगाची नाही. का, ते पुढे लिहीन. तू पांढरी घे.

ताई


७ नोव्हेंबर

धाकट्या,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

पांढरीत एक खोट आहे. पान सहा बघ. मोठ्या कामासाठी बारा महिने थांबायचं. हप्ते भरायचे आणि थांबायचं. याचं कारण असं की लोक दाढ ठणकायला लागली की विमा घेतात, काम उरकतात आणि सोडून देतात. कंपनीला ते माहीत असतं. म्हणून ती आधी तुझा धीर बघते.

तुला बारा महिने नाहीत, हे मला कळतं. डॉक्टरांना विचार, किडलेला भाग काढून तात्पुरतं भरून ठेवता येईल का. भरण्याला थांबावं लागत नाही. त्यावर वर्ष निघेल की नाही, मी सांगू शकत नाही. दुसरा रस्ता मला दिसत नाही. पांढरीच घे.

पुस्तिका वाचताना बाबांचा आवाज कानात येतो. तुला आठवतं का? काचेच्या कारखान्यात नवा करार झाला आणि भट्टीवरच्या सगळ्यांना दातांचा विमा मिळाला. शाळा सुरू होऊन दोन-तीन महिने झाले होते. बाबा पिवळं कार्ड घेऊन आले. हात धुतले, तरी कार्डाच्या टोकांनाच धरत होते. जेवणं झाल्यावर त्यांनी पुस्तिका पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला घेतली. आपण दोघं भिंतीला टेकून बसलो होतो. खोली एकच, तिच्यात पडदा. पडद्याच्या पलीकडे आई भांडी पुसत होती.

"कलम चार," बाबा म्हणाले. "कुटुंब म्हणजे विमाधारक, त्याची पत्नी आणि अठरा वर्षांखालील अपत्ये."

"अपत्ये म्हणजे ही दोन का?" आई आतून म्हणाली. "बरं झालं सांगितलंत."

"ऐक गं जरा. कलम पाच. केवळ शोभेसाठी केलेले काम ग्राह्य धरले जाणार नाही."

"आणि हसण्याचं कितव्या कलमात आहे?"

"हसण्याला काय लागतं?"

"दात लागतात."

बाबांनी खरंच पानं उलटून पाहिलं. तू इतका हसलास की आईने पडदा बाजूला करून पाहिलं.

आईला दातांच्या म्हणी भरपूर यायच्या. दात होते तेव्हा चणे नव्हते, आता चणे मिळतील तर दात कुठे आहेत, असं ती दवाखान्याच्या वाटेवर म्हणाली. ती जन्मात पहिल्यांदा दातांच्या डॉक्टरकडे चालली होती. ठेवणीतले कपडे घातले होते. डॉक्टर म्हणाले, तोंड उघडा. आईने आधी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवल्यावर उघडलं. मग तुझी पाळी. तुझ्या पुढच्या फटीत डॉक्टरांनी छोटा आरसा घातला आणि तू त्यावर शीळ घातलीस. त्या उन्हाळ्यापासून तू त्या फटीतून शीळच घालत होतास. आख्ख्या वसाहतीत तुझी शीळ ओळखू यायची. आई खिडकीतून ओरडायची, "आला गं तुझा इंजिनवाला."

ब्रिज बसला आणि ती शीळ गेली. मला कधी कुणाजवळ हे बोलता आलं नाही.

ताई


११ नोव्हेंबर

धाकट्या,

आता निळी पुस्तिका.

ती माझ्याच कंपनीची आहे. वेष्टण बदललं, भाषा तीच. मोठ्या कामाला थांबावं लागत नाही, हे तुझ्या फायद्याचं. पण पान अकरावर एक कलम आहे, गेलेल्या दाताचं. जो दात विमा सुरू होण्याआधीच गेला, त्याच्या जागी नवा बसवण्याचे पैसे मिळत नाहीत. कंपनीचं म्हणणं, ते भगदाड आमच्या काळातलं नाही.

कलमाखाली बारीक अक्षरांत एक सवलत आहे. माणूस आमच्याच कंपनीच्या कुठल्याही जुन्या विम्यात असताना, घरच्यांच्या नावावरचा का असेना, दात काढला गेला असेल तर हे कलम लागत नाही. बाबांचं पिवळं कार्ड आमच्याच कंपनीचं होतं. पण कार्ड आलं पावसाळ्यात, आणि तुझा दात गेला त्याआधी, मे महिन्याच्या सुटीत. म्हणून ही सवलत तुला नाही. नऊ वर्षांपूर्वी नव्हती तशी आताही नाही.

तर आलो तिथे.

नऊ वर्षांपूर्वी तुझा ब्रिजचा अर्ज माझ्या टेबलावर आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. नाव वाचण्याआधी मी अक्षर ओळखलं. नियम असा की नातेवाइकाची फाइल दुसऱ्याकडे द्यायची. द्यायला हवी होती. मी दिली नाही. दुसरा कुणी ती मंजूर करील आणि लोक म्हणतील बाईंच्या भावाची म्हणून झाली, अशी मला भीती वाटली. तू लिहिलं होतंस: 'वरचा पुढचा डावा दात, वय अकरा, वडिलांचा विमा चालू असताना दवाखान्यात काढला.' मी ते वाचलं आणि मला राग आला. वाटलं, हा माझ्या जिवावर खोटं लिहितोय. ताई काय बोलणार, असं धरून चाललाय.

मी नामंजुरीचं पत्र लिहिलं. कारण म्हणून 'पैसे मिळत नाहीत' एवढं पुरलं असतं. मी लिहिलं, 'अर्जदाराचे विधान असत्य असल्याची खातरजमा झाली आहे.' खाली सही केली. असं वाक्य असलं की प्रत कामाच्या ठिकाणी जाते. ती गेली. तुझ्या वर्कशॉपमध्ये हेडक्लार्कने तुला चार माणसांत बोलावून विचारलं, हे मला नंतर कळलं. तू दोन महिन्यांत नोकरी सोडलीस. त्यानंतर नऊ वर्षं तू सुटी कामं घेऊन लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्यास, विम्याशिवाय.

मी नियमाने वागले, असं मी स्वतःला सांगत आले. आजही तेच म्हणते. खातरजमा कशाने झाली होती, ते मात्र त्या पत्रात लिहिता येण्यासारखं नव्हतं. ते इथे लिहिते.

वसाहतीचं लोखंडी फाटक. त्याच्या खालच्या दांडीवर आपण दोघं उभे. मी पायाने रेटा देत होते. आईने हजारदा बजावलं होतं, फाटकावर झोके घेऊ नका. फाटक पूर्ण वेगात परत येत असताना कोपऱ्यावरून पहारेकरी येताना दिसला. मी उडी मारली. तुला सांगितलं नाही. माझं वजन गेलं, फाटक झपकन फिरलं आणि खांबावर आपटलं. तुझं तोंड वरच्या दांडीवर होतं.

घरी आईने विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "मीच पडलो. पायरीवरून." ओठांतून रक्त येत होतं आणि तू पायरी कितवी ते सांगत होतास.

दात कधी गेला हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? मी तिथे होते.

पांढरी घे.

ताई


१५ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझ्या बायकोचा परत फोन आला. तू पत्रं वाचलीस म्हणाली. तिसरं दोनदा. मग जेवायला बसलास आणि जेवता जेवता एकच वाक्य बोललास. तिने ते जसंच्या तसं सांगितलं.

"तिला विचार, दात काढला तेव्हा बाहेर बाकावर कोण बसलं होतं."

मी तिला म्हटलं, कसला बाक? ती म्हणाली, "मला काय माहीत, ताई. मी तेव्हा या घरात थोडीच होते. त्यांनी पुढे काही सांगितलं नाही. पाणी प्यायले आणि उठले."

फोन ठेवला. भांडी घासायला घेतली. अर्धी घासून झाली आणि हात थांबले.

बाकावर मी होते.

हिरवा बाक, एक पट्टी निघालेली. माझ्या मांडीवर शाळेचं दप्तर, कारण त्या दिवशी माझा चाचणीचा पेपर होता आणि मी तिथून परस्पर शाळेत जाणार होते. अंगात आईने विणलेला स्वेटर. बाबा तुला घेऊन आत गेले. जाताना कार्ड माझ्या हातात दिलं. "नीट धर. हरवलं तर दात फुकट जाईल." मी ते दोन्ही हातांनी धरून बसले होते. आतून तुझा आवाज आला नाही. मी वाट पाहत होते, आला नाही. मग तू तोंडात कापूस धरून बाहेर आलास आणि बाबांनी माझ्या हातातून कार्ड घेतलं.

पिवळं कार्ड. माझ्या हातात होतं.

मे महिन्यात दात गेला नव्हता, धाकट्या. मे महिन्यात तो फक्त हलला होता. मग आठ महिने तोंडातच होता. हळूहळू राखाडी झाला, मग काळा. तुला मुलं काळ्या दाताचा म्हणून चिडवायची आणि तू ओठ मिटून हसायचास. बाबांच्या पुस्तिकेवर हसलास तेव्हाही ओठ मिटूनच. पहिल्या तपासणीला डॉक्टरांनी आरसा फटीत घातलाच नव्हता. फट नव्हतीच. ते बराच वेळ तुझा काळा दात बघत राहिले आणि बाबांना म्हणाले, "ठेवून बघू. नाही राहिला तर काढू." शीळही उन्हाळ्यातली नव्हे, हिवाळ्यातली.

हे सगळं मला माहीत होतं. मी ते आठ महिने तुझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. बोलायचे, खेळायचे, तुझ्या वहीला कव्हर घालून द्यायचे, पण वर बघायचे ते कपाळाकडे. माझ्यापुरता तो दात फाटकावर गेला, त्याच दिवशी. पुढचं सगळं त्या दिवसाच्या आत दडपलं गेलं.

कंपनीत नव्या मुलांना मीच शिकवायचे. मार कधी लागला ते विचारू नका. दात जबड्यातून कधी निघाला ते विचारा. तीच तारीख.

तू अर्जात खरं लिहिलं होतंस. मला आज पुढे लिहिता येत नाही.


१९ नोव्हेंबर

धाकट्या,

मी कंपनीत जाऊन आले.

माझ्या जागेवर आता भिंगवाली बसते. मी शिकवलेल्यांपैकी शेवटची. एक्स-रे नुसत्या डोळ्यांनी बघत नाही, गळ्यात भिंग असतं, म्हणून हे नाव. मला बघून उठली. मी काम सांगितलं. तिने भिंग डोळ्यावरून काढलं.

"मॅडम, आठवण हा पुरावा नाही, असं तुम्हीच शिकवलंत ना?"

"शिकवलं."

"फळ्यावर लिहायचात."

"लिहायचे."

"मग त्या दिवशी तळघरात का नाही गेलात?"

जुन्या नोंदी तळघरात असतात, फिल्मवर. दोन मजले खाली. त्या दिवशी मी गेले असते तर दहा मिनिटं लागली असती. मी तिला म्हटलं, "मला आठवत होतं, म्हणून गेले नाही." ती किल्ली घेऊन माझ्याबरोबर खाली आली.

बाबांचं नाव, कारखान्याचा क्रमांक, खाली आपल्या घरातल्या सगळ्यांचे दात. यंत्रावर फिल्म सरकत होती. आईच्या तीन दाढा. बाबांची एक. माझी सफाई, दरवर्षी, एकही खाडा नाही. आणि जानेवारीतली एक ओळ: मुलगा, वय अकरा, दात क्रमांक एकवीस, काढला. एकवीस म्हणजे वरचा पुढचा डावा. डॉक्टरांची सही. कार्ड सुरू झालं त्यानंतर पाच महिन्यांनी.

तो कागद सोबत जोडला आहे.

वर येताना जिन्यात भिंगवाली म्हणाली, "एक सांगू का? रागावू नका. तुमचं ते पत्र अजून आहे."

"कुठलं?"

"नामंजुरीचं. नाव खोडून, तुम्हाला न कळवता, नमुना म्हणून ठेवलंय. नव्या मुलांना वाचायला देतात. मलाही दिलं होतं. नामंजुरी कशी लिहावी, मोजकी, स्वच्छ." मग म्हणाली, "मला ते पाठ होतं, मॅडम. ते तुमच्या भावाचं होतं, हे माहीत नव्हतं."

नऊ वर्षं. वर्षाला सात-आठ मुलं. सगळ्यांनी ते वाचलं.

मी तिथेच तिच्या टेबलावर बसून अर्ज लिहिला. मी स्वतःच्या भावाची फाइल हाताळली. नोंद न तपासता त्याला खोटं ठरवलं. त्याचं विधान खरं होतं, पुरावा जोडला आहे. फाइलवरचा 'असत्य' हा शेरा काढावा, पत्र नमुन्यांतून काढावं, आणि दुरुस्तीची प्रत तेव्हाच्या त्याच्या वर्कशॉपला पाठवावी. भिंगवालीने वाचलं. "हे दिलंत तर तुमच्यावर येईल." मी म्हटलं, यायला हवं. "मग एक शब्द बदला. 'अनवधानाने' लिहिलंय ते काढा. तुमचं अवधान होतं."

काढलं. मी शिकवलेल्यांत तीच सर्वांत चांगली निघाली.

शेरा निघाला तर तुला निळी घेता येईल. सवलत लागू होईल आणि ब्रिज लगेच करता येईल. वर्षभर थांबायला नको. शेरा निघाला नाही तर खोटं बोलणारा म्हणून तुझा प्रत्येक अर्ज अडवून ठेवतील. पंचवीसला सहा दिवस आहेत. तोवर फॉर्म भरू नकोस. पांढरी घे असं मी तीनदा लिहिलं होतं, ते मागे घेते.

ताई


२३ नोव्हेंबर

धाकट्या,

काल बोलावलं होतं. दोन अधिकारी. एकजण माझ्या हाताखाली शिकलेला. त्याने सवयीने उठून मला खुर्ची दिली, आणि मग आपण हे काय केलं असं त्याला झालं.

"तुम्हाला नियम माहीत होता?"

"मीच तो शिकवायचे."

"तरीही?"

"तरीही."

"भावाशी तेव्हा काही वाद होता का? पैशाचा, घराचा?"

"नाही. माझा त्याच्यावर जीव होता."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. हे कुठल्या रकान्यात लिहायचं, त्यांना कळलं नाही. शेवटी शिकलेल्याने लिहिलं, 'वाद नाही.'

निकाल असा. शेरा काढला. मी स्वतः पडद्यावर पाहिलं, फाइल कोरी आहे. जुन्या ब्रिजचे पैसे मिळणार नाहीत, मुदत केव्हाच संपली. नमुना पत्र काढून टाकलं, भिंगवालीने माझ्यासमोर फाडलं. निवृत्त माणसांना कंपनी दातांचा विमा देते, तो माझा बंद केला. आता मलाही पुस्तिका वाचाव्या लागतील. आई असती तर म्हणाली असती, आपलेच दात, आपलेच ओठ.

तुला आणि वर्कशॉपला दुरुस्तीचं पत्र येईल. त्यात 'दिलगीर' हा शब्द नसेल. आम्ही तो कधी वापरत नाही, वकिलांनी मनाई केलेली असते. मी इथे लिहिणार होते. लिहून पाहिला. तोही कचेरीतलाच शब्द आहे.

मी चुकले. तू खरं बोलत होतास. तू त्या घरात एकदाच खोटं बोललास, पायरीचं, आणि ते माझ्यासाठी होतं. मी तुला कागदावर खोटारडा म्हटलं, सही करून, आणि तुझ्या साहेबाला कळवलं. तू मला माफ करावंस म्हणून हे लिहीत नाही. तुला हे लेखी मिळायला हवं होतं, नऊ वर्षांपूर्वी जसं ते दुसरं मिळालं.

परवा पंचवीस. तुझ्या उपयोगाची निळी आहे, असं मला आता वाटतं. पण मी याआधी तीन वेळा चुकीचं सांगितलं आहे. पान अकरा तू स्वतः वाच आणि स्वतः ठरव.

मागे तुझ्या लेकीला भेटले तेव्हा ती सात वर्षांची होती. वरचे दोन दात पडलेले. माझ्या मांडीवर बसून एक येणारा दात जिभेने मला दाखवत होती. आता सोळाची असेल. सगळे आले असतील.

ताई


४ डिसेंबर

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं.

वहीचं पान, चार ओळी, मायना नाही. मी पाकीट कापण्याआधी बराच वेळ अक्षर बघत होते. 'निळी घेतली. पंचवीसला सकाळीच दिली. डॉक्टर म्हणतात पुढच्या आठवड्यात सुरू करू. आधी मंजुरी लागते का? आणि फॉर्मचं तिसरं पान कळलं नाही.' बस.

चारही ओळी मी पाठ केल्या. आता उत्तर देते.

आधी मंजुरी घे. सक्ती नाही, पण घे. काम होण्याआधी डॉक्टरांकडून एक्स-रे आणि कामाचा तपशील पाठवून ठेवायचा. कंपनी लेखी कळवते की किती देणार. नंतर वाद राहत नाही. दहा दिवस लागतात. पाकिटावर भिंगवालीचा विभाग लिही, पाच दिवसांत होईल. हे ओळखीने नव्हे, ती कामच तसं करते.

वर्षाची मर्यादा डिसेंबरअखेर संपते आणि जानेवारीत नवी सुरू होते. डॉक्टरांना सांग, किडलेल्या दातांचं काम या महिन्यात करा आणि ब्रिज जानेवारीत बसवा. दोन्ही वर्षांची मर्यादा वापरता येईल. यात लबाडी काही नाही, पुस्तिकेतच आहे, फक्त मोठ्या अक्षरांत नाही.

नवा ब्रिज बसला की पहिले काही दिवस शब्द अडखळतील. 'स' आणि 'फ' जास्त. लेकीला मोठ्याने काहीतरी वाचून दाखव. आठवड्यात जीभ जागा शोधते.

आता तिसरं पान. त्यावर विचारलं आहे, दात केव्हा गेला आणि कसा. 'केव्हा'पुढे नोंदीतली तारीख लिही, माझ्या पत्राला कागद जोडलेला आहे. 'कसा'पुढे दोन ओळींची जागा आहे. मागच्या वेळी तू तिथे फक्त 'लहानपणी मार लागून' एवढंच लिहिलं होतंस. फाटक लिहिलं नव्हतंस. माझं नाव लिहिलं नव्हतंस. मी ते तेव्हा वाचलं होतं आणि मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

या वेळी तुला जसं आठवतं तसं लिही. कुणी उडी मारली, तेही लिही. दोन ओळी पुरणार नाहीत. मागची बाजू कोरी असते. तिथे लिहिलेलंही वाचतात.

ताई